संक्रांतीच्या यादीवरच्या अठरा सह्या

लातूर,
१२ फेब्रुवारी १९९८

बेटा अख्तरी,

तुला आणि घरी सगळ्यांना या म्हाताऱ्याचा शरणार्थ. नाजियाची दहावी जवळ आली. तिला म्हणावं, रात्री जागू नको, पहाटे उठ.

खुशाली विचारायला पत्र लिहितोय असं खोटं कशाला सांगू? रागानं लिहून राहिलो. सकाळपासून तीन कागद फाडले, हा चौथा.

ज्या डाळमिलमध्ये मी एकतीस वर्षं काट्यावर तोलार होतो, तिथंच रिटायर झाल्यावर दुपारच्या सुट्टीत डाळ निवडणाऱ्या बायांचा वर्ग घेत होतो, हे तुला माहीत आहे. तुमच्याच खात्याचा कामगार साक्षरता प्रकल्प. अठरा बाया. बहुतेक किल्लारीच्या आसपासच्या, भूकंपानंतर पोटासाठी लातूरला आलेल्या. त्यांची म्होरकी केवळाबाई. नवरा आणि सासू एकाच भिंतीखाली गेली तिची. लेकीला पाठीशी बांधून ती इथं आली आणि चार वर्षं चाळणीपुढून उठली नाही.

यंदा संक्रांतीला शेटाणीनं मिलमधल्या सगळ्या बायांना वाणाला बोलावलं. विधवांनासुद्धा! केवळाबाई मला सांगत होती, "मास्तर, चार वर्सांत मला कुणी वाणाला हाक मारली न्हवती." नवं लुगडं नेसून गेली. मुनीम वीरण्णा दारात टेबल टाकून बसला होता. म्हणाला, "वाटी मिळाल्याच्या यादीवर सही करा. अंगठा नको बरं का, तुम्ही साक्षर बाया!" वरती यादी, तिच्याखाली एकेकीच्या नावाचा छापील कागद. दोन्हीकडं सही. बायांना सही करायची केवढी हौस! जीभ दातांत धरून, रेघ न मोडता केल्या अठराजणींनी. स्टीलची वाटी घेऊन घरी आल्या.

एक तारखेला गेटवर अडवलं. वीरण्णा म्हणतो, "तुम्ही तर राजीनामे दिले की!" तो छापील कागद राजीनाम्याचा होता.

त्यांना घेऊन मी कामगार कचेरीत गेलो. तिथला बाबू फाइल चाळून म्हणाला, "आजोबा, यांच्याकडं साक्षरतेचं प्रमाणपत्र आहे. वाचून सही केली असंच धरलं जाणार." मी म्हणालो, "अहो, त्यांना नाव लिहिण्यापुरतं येतं." तो म्हणाला, "मग सरकार खोटं बोलतं का?"

बोल तूच. आमच्या प्रकल्पाचे पेपर तुमच्या नांदेडच्या मूल्यमापन कक्षानं तपासले होते. एकदा दिलेलं प्रमाणपत्र चुकीचं आहे म्हणून कुणाकडं दाद मागायची, तेवढं विचारून कळव.

तुझा,
गुरुपादप्पा चाचा


नांदेड,
२१ फेब्रुवारी १९९८

चाचा, आदाब.

पत्र मिळालं. वाचून वाईट वाटलं.

मी साहेबांना विचारलं, तुमचं नाव न घेता. प्रकल्पातल्या अकराही मिल शंभर टक्के साक्षर घोषित झाल्या आहेत. सव्वीस जानेवारीला समारंभ होऊन वर्ष उलटलं, फाइल बंद झाली. निकालाविरुद्ध अपील असतं, पण ते नापास झालेल्यानंच करायचं असतं. आणि नापास कुणीच नाही. पास झालेल्यानं अपील केल्याचं उदाहरण नाही, असं साहेब म्हणाले. ते हसले. मला हसू आलं नाही.

चाचा, रागावू नका, पण हे प्रकरण उकरू नका. त्या समारंभात तुम्हाला उत्कृष्ट स्वयंसेवक म्हणून शाल मिळाली. अब्बा असते तर कंधारभर सांगत फिरले असते, की माझ्या दुकानाशेजारी पुड्या बांधता बांधता पुडीच्या कागदावरून अक्षरं शिकलेला पोरगा बघा कुठं पोचला. त्या शालीला लोकांनी बोटं लावावीत असं मला वाटत नाही. बायांना दुसऱ्या एखाद्या मिलमध्ये लावता येईल का ते बघा.

नाजियाला दहावीनंतर लातूरलाच घालायचं ठरवलंय. इथं जो तो लातूर, लातूर करतो. क्लासवाल्यांनीच एक नवं होस्टेल सुचवलं, मिलच्या रस्त्याला. मोठी शेड आहे, साठ खाटा बसतील, जूनपर्यंत तयार होईल म्हणाले. मी एक खाट तिच्या नावानं ठेवून घेतली. तुम्ही जवळ आहात, म्हणून जीव थाऱ्यावर आहे.

तुमची,
अख्तरी


लातूर,
९ मार्च १९९८

बेटा अख्तरी,

नापास कुणीच नाही! हे वाक्य मी चहाच्या टपरीवर चार लोकांना वाचून दाखवलं. पोट धरून हसले. मी मात्र उठून आलो. अकरा मिल, हजारावर माणसं, एकही नापास नाही. डाळीत तरी इतके सगळे दाणे सारखे निघतात का गं? मग आमच्या बाया दिवसभर निवडत काय होत्या?

दुसरी मिल शोध म्हणतेस. सगळीकडं निवडायचं यंत्र आलंय. बाया नकोच आहेत कुणाला. नको तर नको म्हणावं ना तोंडावर! वाणाला बोलावून, कुंकू दाखवून, वाटी हातात देऊन काढायचं? आणि जिला चार वर्षं कुणी बोलावलं नव्हतं तिला बोलावून?

आणखी एक, दुखेल पण सांगतो. साठ खाटांची ती शेड म्हणजे आमचीच निवडायची शेड. परवा बोर्ड लागला. तुझा काही दोष नाही, तुला काय ठाऊक. पण लपवून ठेवणं मला जमलं नसतं.

आता केवळाबाईचं ऐक. प्रकल्प शंभर टक्के झाल्यावर तुमच्या खात्यानं फळा नेला, पाट्या मोजून नेल्या, की साक्षर झाल्या आता वर्ग कशाला. माझ्याकडं पुस्तिकेची एक जुनी प्रत उरली होती. ती घेऊन मी तिच्या वस्तीवर गेलो, म्हटलं निदान आता तरी शिकवू. तिनं पुस्तिका बाजूला सारली. कामगार कचेरीतून मिळालेली राजीनाम्याची झेरॉक्स पुढं टाकली.

"मास्तर, ते कमळ-बदक ऱ्हाऊ द्या. मला ह्यो कागद शिकवा."

"अगं, अवघड शब्द आहेत त्यात. कोर्टाची भाषा."

"ज्या कागदानं मला गेटाभाईर काढलं, त्यात काय लिवलंय ते मलाच वाचायचंय. तुमी वाचून दावलं, कचेरीतल्या बाबूनं वाचून दावलं, वीरण्णानंबी वाचून दावला असंल त्याच्या शेटाला. मीच तेवढी ऱ्हायले."

मग काय करतो? शिवरात्रीपासून रोज दुपारी एक ओळ. 'मी खाली सही करणार' इथून सुरुवात. पदरानं घाम पुसते, बोट ठेवते, पुन्हा म्हणते. दहा पुस्तिकांत जे झालं नाही ते या एका कागदावर होऊन राहिलंय.

कामगार कचेरीत आम्ही तक्रार घातली आहे, तिची चौकशी लागेल. माझं मागणं एकच. शहाण्णव सालच्या परीक्षेचे या अठराजणींचे पेपर तुमच्या कक्षात असतील. ते बाहेर काढ. कुणालाही नुसते दाखवले तरी कळेल त्यांना काय येत होतं.

तुझा,
गुरुपादप्पा चाचा


नांदेड,
२७ मार्च १९९८

चाचा, आदाब.

पेपर शोधले. जुन्या उत्तरपत्रिका रद्दीत गेल्या. दर वर्षी जातात. यापुढं त्यांच्या आशेवर राहू नका.

चौकशी होईल तेव्हा बायांना सांगा, कुणी काही वाचायला दिलं तर मान हलवायची, येत नाही म्हणायचं. केवळाबाईला तो कागद शिकवायचं थांबवा. मिलच्या वकिलाच्या हातात तुम्ही स्वतःहून काठी देताय.

होस्टेलचं वाचलं. दुसरीकडं विचारलं, कुठंच जागा नाही. मी आई आहे, चाचा. एवढंच लिहिते.

अख्तरी


लातूर,
१० मे १९९८

बेटा अख्तरी,

तुझं चार ओळींचं पत्र आलं त्याला सहा आठवडे झाले. मी उत्तर दिलं नाही. तुझ्यावर रागावलो होतो म्हणून नाही. स्वतःवर.

मी तुझ्याकडं पेपर मागितले तेव्हा मनात धाकधूक होती, की ते खरंच सापडले तर? आणि रद्दीत गेले वाचलं तेव्हा, देवाशपथ सांगतो, आधी हायसं वाटलं. मग लाज वाटली. अठरा बायांचा घास गेलेला आणि हा म्हातारा स्वतःची शाल वाचली म्हणून सुस्कारा टाकतो!

ऐक आता. परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षक आला. बायांनी पेपर हातात घेतले आणि बसून राहिल्या. कुणाला नाव, कुणाला चार अक्षरं, बस. त्या दिवशी निम्म्या जणी तापानं फणफणल्या होत्या, मिलला सुट्टी नव्हती. पर्यवेक्षक माझ्या कानाशी लागला, "आजोबा, तुमची मिल मागं पडली तर अख्खा प्रकल्प नव्व्याण्णव टक्क्यांवर जाईल. हात धरून गिरवून घ्या. प्रमाणपत्र मिळालं तर तुमच्याच बायांचं भलं होईल." मला वाटलं, खरंच आहे. नापास झाल्या तर मिलमध्ये हसतील त्यांना. मी एकेकीजवळ बसलो, हात धरला, गिरवलं. शेवटी वेळ संपत आली तेव्हा हात धरायचंही सोडलं. मीच लिहिलं. अठराच्या अठरा.

म्हणजे राग कुणाचा करू? वीरण्णानं सही घेतली, पण त्याच्या हातात प्रमाणपत्र मी दिलं. मायेनं दिलं! लेकराचा घास आपणच चावून गिळावा आणि पोट भरलं का म्हणून त्यालाच विचारावं, तसं केलं मी.

चौकशी १८ जूनला आहे. मी उभा राहून हे सगळं सांगणार आहे. पुरावा नाही, वकील टोपी उडवेल, उडवू दे. केवळाबाईला शिकवायचं मी थांबवलेलं नाही. कागद संपत आला आहे.

गुरुपादप्पा


नांदेड,
२४ मे १९९८

चाचा,

पेपर रद्दीत गेलेले नाहीत.

ते माझ्या मागच्या लोखंडी कपाटात आहेत, खालच्या खणात, सुतळीनं बांधलेले. ते गठ्ठे मीच बांधले. तपासणीच्या यादीवर सहीही माझीच आहे.

शहाण्णवच्या नोव्हेंबरात तुमच्या मिलचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला. तिसऱ्या पेपरलाच कळलं की सगळ्यांचा हात एक आहे. आणि हात कुणाचा तेही कळलं. लहानपणी तुमची पत्रं अब्बा मला मोठ्यानं वाचायला लावायचे. मी ते अक्षर ओळखणार नाही का? साहेब दारात उभे होते, संध्याकाळच्या आत निकाल मुंबईला गेला पाहिजे म्हणून. पण साहेबांच्या माथी मारून मी सुटणार नाही. मला तुमचं अक्षर बघून आनंद झाला होता, चाचा. वाटलं, तुमची मिल शंभर टक्के आली तर तुमचं नाव होईल. मी हसत हसत अठरा पेपर पास केले. त्या बाया कोण, कशा दिसतात, एकदाही मनात आलं नाही. माझ्यासाठी ते सगळे पेपर तुमचेच होते.

मग तुमचं पहिलं पत्र आलं आणि मी तुम्हालाच शहाणपण शिकवलं. शालीची काळजी मला नव्हती. नोकरीची होती.

तुम्ही 'मायेनं दिलं' लिहिलंत ते वाचून मी खूप रडले, मग चिडले. आपल्या मायेला काय झालंय, चाचा? आपण दोघांनी माया केली, आणि ज्यांच्यावर केली त्यांना विचारलंसुद्धा नाही.

होस्टेलची खाट मी सोडली. नाजियाला कारण सांगितलं. ती म्हणाली, "अम्मी, तिथं झोप आली नसती." कुठं ठेवायचं ते अजून ठरलं नाही.

कपाटाची चावी माझ्याकडंच असते. साहेबांकडं गठ्ठा न्यायची लेखी परवानगी मागितली आहे. दिली तर दिली. १८ तारखेला मी सकाळच्या एसटीनं येते.

अख्तरी


लातूर,
२ जुलै १९९८

बेटा अख्तरी,

परवानगी मिळाली नाही तरी गठ्ठा घेऊन आलीस आणि चौकशीच्या साहेबांपुढं सुतळी सोडून म्हणालीस, "हे मी पास केले, चूक माझी." आणि लगेच एसटी गाठायला पळालीस. पाणीसुद्धा प्यायली नाहीस. त्यानंतर काय झालं ते आदेश हातात आल्याशिवाय लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. आता लिहितो.

साहेबांनी अठरा पेपर टेबलभर पसरले. एकाखाली एक बघत गेले. माझ्याकडं बघून म्हणाले, "आजोबा, अक्षर झकास आहे हो तुमचं." जमीन दुभंगली तर बरं, असं झालं मला. लातुरात असं म्हणू नये, पण तसं झालं.

मिलचा वकील काही कच्चा नाही. म्हणाला, "पेपर कुणी का लिहिले असेनात. बाईला वाचता येतं की नाही ते आत्ताच बघू." राजीनाम्याचा कागद केवळाबाईच्या पुढं धरला. मी तिला आधी दहा वेळा बजावलं होतं, मान हलव. तुझं म्हणणंही सांगितलं होतं. मी तिच्याकडं बघून डोळे मोठे केले. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.

तिनं कागद हातात घेतला. बोट ठेवलं. पहिल्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत वाचला. मोठ्यानं. एकदाही न अडखळता. मागं बसलेल्या सतराजणी माना पुढं काढून ऐकत होत्या. वीरण्णा तर उठून उभाच राहिला.

वकील हात जोडून म्हणाला, "झालं, साहेब. माझं काम बाईंनीच केलं."

केवळाबाई म्हणाली, "वकीलसायब, संक्रांतीला मला हे येत असतं तर वाटी तुमच्या शेटाणीच्या ताटात ठिवून आले असते. आता येतंय ते ह्या मास्तरांनी शिवरातीपून शिकिवलं म्हनून. ह्योच कागद. माझ्यासाठी लिवलेला, मंग मी न्हाई शिकायचा तर कुनी?"

साहेबांनी टेबलावरचं वर्तमानपत्र तिच्याकडं सरकवलं. "हे वाचा, बाई."

तिनं बोट ठेवलं. 'मी' आलं, 'काम' आलं, 'दिनांक' आलं. राजीनाम्यात असलेले शब्द तेवढे आले. बाकीच्या ठिकाणी बोट थांबत गेलं. एका मथळ्यावर किती वेळ थांबली काय सांगू. शेवटी पेपर घडी घालून परत दिला.

साहेबांनी लिहून घेतलं, की या बाईला एकच कागद वाचता येतो, आणि तो कागद तिला सही केल्यानंतर शिकवला गेला. वकील बरंच बोलला. साहेब लिहीतच होते.

आदेश सोमवारी आला. राजीनामे धरले नाहीत. कालपासून अठराजणी कामावर आहेत. शेडमध्ये खाटा पडल्यात म्हणून पॅकिंगच्या बाजूला बसवलंय. यंत्र धडाडून चालू आहे, शेठ किती दिवस ठेवतो ते बघायचं. तोवर एक कागद त्यांच्याजवळ आहे, आणि तो त्यांच्या बाजूचा आहे.

आता तुमच्या खात्याचं ऐक, म्हणजे तुझाही राग ताजा होईल. या बायांना खरोखर शिकवायचंय, फळा-पाट्या परत द्या, असा अर्ज मी केला. उत्तर आलं, प्रकल्प शंभर टक्के पूर्ण झाला आहे, निरक्षर असा रकाना आता शिल्लक नाही. खोट्या साक्षर होत्या तेव्हा त्यांच्यासाठी सरकारकडं शाली होत्या, हार होते, फोटोवाला होता. आता खऱ्या शिकायला बसल्या तर एक खडू नाही! वर माझं नाव स्वयंसेवकांतून कमी केलंय. ते बरं केलं. तुला मेमो आला असेल. काय आला ते लपवू नको, जसाच्या तसा लिहून पाठव. उत्तर आपण दोघं मिळून लिहू, पण लिहिशील तू, मी नाही.

नाजियाला माझ्याकडं घेऊन ये. माझी खोली तिला, मी ओसरीवर. क्लास पायी दहा मिनिटं. होस्टेलातल्या पोरी असतील त्याही कुणाच्या तरी लेकीच आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. पण आपली पोरगी आपल्या घरी.

चौकशीनंतर केवळाबाई मात्र माझ्याशी चार दिवस बोलली नाही. जिंकणार म्हणून आनंद मीच एकटा करत होतो. पाचव्या दिवशी दारात येऊन उभी राहिली. "मास्तर, मला वाटलं हुतं मला वाचाया येतंय. चारचौघांत कळलं की येत न्हाई. आधी कुनी का सांगितलं न्हाई?"

तिनंच ठरवलं मग. आता वर्ग तिच्या अंगणात भरतो, रविवारी. रजिस्टर नाही, टक्के नाहीत. पाडव्याला परीक्षा घ्यायची म्हणते, आणि परीक्षक म्हणून नांदेडची बाईच पाहिजे, जिनं सगळ्यांपुढं चूक कबूल केली ती.

तेव्हा तू ये. एकेकीला समोर बसव. मी त्या दिवशी अंगणाबाहेर असेन, माझा हात कुणाच्या हाताला लागणार नाही. जिला येत असेल तिला पास कर. जिला येत नसेल तिला, रडली तरी, गळ्यात पडली तरी, नापास कर. अकरा मिलमध्ये कुणाला मिळाली नव्हती ती सोय आम्ही इथं केली आहे.

तुझा,
गुरुपादप्पा चाचा